घरात तीन सायकली, वाचनालयासमोर पंधरा : ठेवायच्या कुठं आणि कशा?

सोप्यातली_सायकल (शहापूर, बेळगाव) · १२ मे, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. पाऊस तोंडावर आलाय म्हणून आत्ताच विचारून घेते. नाहीतर दरवर्षीचं ठरलेलंच आहे, मृगात धावपळ आणि श्रावणात गंज.

आमचं घर जुनं. दारात साडेतीन फुटांचा बोळ, आत नऊ बाय सातचा सोपा, त्याच्या मागं मागाची खोली, मग स्वयंपाकघर. सायकली तीन. ह्यांची बावीस इंची काळी, सासऱ्यांच्या वेळची. मुलीची गिअरची, ती नववीत आहे आणि पहाटे क्लासला वडगावला जाते. धाकट्याची वीस इंची. तिघीही सोप्यात एकमेकींच्या गळ्यात गळे घालून उभ्या असतात. मुलीची काढायची तर आधी ह्यांची बोळात आणायची, मग धाकट्याची आडवी करायची, मग तिचं पेडल ज्या आऱ्यांत अडकलंय ते सोडवायचं. सकाळी साडेसहाला रोज हा तमाशा. परिणाम काय, तर आता मुलगी रिक्षाचे पैसे मागायला लागलीय.

मागाच्या खोलीत ठेवून बघितलं. चार दिवसांत चेनवर सुताचं तूस बसून सुरवंट झाला तिचा.

सोप्याची बोळाकडची भिंत जुनी, दगड-मातीची, वर चुन्याचा गिलावा. आतली भिंत विटांची, दहा वर्षांपूर्वी बांधलेली. वर सागवानी तुळया आहेत.

दुसरा प्रश्न गल्लीच्या मंडळाच्या वाचनालयाचा. संध्याकाळी अभ्यासिकेत पोरं येतात, चौदा-पंधरा सायकली रस्त्यावर उभ्या असतात. परवा एक पडली आणि ओळीनं नऊ पडल्या. आता मंडळानं पैसे जमवून तयार रॅक आणायचं ठरवलंय, पुढचं चाक खाचेत घालायचा असतो तो. मला त्यात काहीतरी खटकतंय, खरं काय ते नीट सांगता येईना. कुणाला अनुभव आहे?


पंक्चरवाला (अनगोळ) · १२ मे, रात्री १०.०५

अक्का, तो रॅक आणा बघा. आमच्या धंद्याला बरा असतो.

गंमत राहू दे. खाचेत फक्त चाकाचा खालचा फूटभर भाग धरला जातो. बाकी सगळी सायकल अधांतरी. शेजारचा आपली काढताना धक्का मारतो, सायकल कलते, आणि अख्खा भार त्या रिमवर येतो. आरे ढिले होतात, चाक आउट जातं. पोरगं येतं माझ्याकडं, म्हणतं, काका खड्ड्यात गेली. खड्ड्यात नाही रे, रॅकमध्ये गेली. डिस्क ब्रेकवाल्या सायकलींचं तर बघायलाच नको. खाच अरुंद असली की डिस्क घासून वाकते, मग ब्रेक करकर वाजतात.

आणि कुलूप कशाला लावणार? चाकालाच. पुढचं चाक खटक्यानं निघणारं असलं तर चाक तेवढं कुलपात राहतं आणि सायकल गोव्याला पोचते.


कॉलेज_कट्टा (टिळकवाडी) · १२ मे, रात्री १०.११

"सायकल गोव्याला पोचते" 😂 चोर्ला घाटातनं गेली असणार


उद्यमबागचा_फिटर · १३ मे, सकाळी ७.१५

पंक्चरवाल्यांशी सहमत. तयार रॅकच्या पैशात त्याहून टिकाऊ वस्तू इथंच होते, आणि ती बनवायला आपल्या गावात वेल्डरांचा काय दुष्काळ आहे काय?

उलट्या 'यू'सारखा वाकवलेला पाइप. एवढंच. बाहेरच्या देशांत ह्याला शेफिल्ड स्टँड म्हणतात. सायकल त्याला बाजूनं टेकवायची, म्हणजे सीटखालची आणि हँडलखालची अशा दोन ठिकाणी सांगाडा टेकतो. पडायचा प्रश्न मिटला, आणि कुलूप थेट सांगाड्याला. एका पाइपला दोन बाजूंनी दोन सायकली.

मापं लिहून घ्या. जमिनीवर उंची अडीच फूट, रुंदी अडीच फूट, दोन्ही पाय काँक्रीटमध्ये एकेक फूट. म्हणजे एका स्टँडला साधारण साडेनऊ फूट पाइप. दीड इंची जीआय (जस्त चढवलेला लोखंडी) पाइप वीस फुटांच्या जवळपास येतो, सहा मीटरचा. एका पाइपात बरोबर दोन स्टँड. पाच करायचे म्हटलं तरी तीन पाइप आणावे लागतात, तेव्हा सहावा करूनच घ्या.

बेंडिंग मशीनवर वाकवून घ्या. कापून कोपऱ्याला वेल्डिंग मारू देऊ नका. कोपऱ्यावरचा जस्ताचा थर वेल्डिंगनं जळतो आणि पहिला गंज तिथंच धरतो. जिथं वेल्डिंग टाळता येणार नाही तिथं घासून झिंक प्रायमर मारा. एक सांगतो, जीआयवर वेल्डिंग करताना धूर निघतो तो छातीत जाऊ देऊ नये. मोकळ्यावर करायला सांगा.

जमिनीतल्या टोकांना आडवी सळी मारून मग काँक्रीट. नाहीतर चोर पाइपच फिरवून उपटतो.


सोप्यातली_सायकल · १३ मे, दुपारी १.२०

अण्णा, ही मापं मी वहीतच उतरवून घेतली. एक शंका. अभ्यासिकेत निम्म्या मुली आहेत, त्यांच्या सायकलींना मधला आडवा दांडा नसतो. लहान पोरांच्या तर अडीच फुटांच्या पाइपाखालूनच पलीकडे जातील. त्यांचं काय?


उद्यमबागचा_फिटर · १३ मे, दुपारी १.४५

चांगलं विचारलंत, हे मीच लिहायला हवं होतं. जमिनीपासून दीड फुटावर दुसरा आडवा पाइप मारायचा, बारीक चालतो, पाऊण इंची. सहा स्टँडना एकच नळी पुरते. लेडीज सायकलचा तिरका दांडा आणि पोरांच्या सायकलचा सांगाडा तिथं टेकतो, कुलूपही तिथंच बसतं. दोन स्टँडमध्ये तीन फुटांपेक्षा थोडं जास्तच अंतर ठेवा, एक मीटर धरा. लोक दोन फुटांवर मारतात आणि मग हँडलात हँडल अडकतं, शेवटी एका स्टँडला एकच सायकल लागते. भिंतीपासून दोन फूट सोडा. सायकल सहा फुटांची असते, तेवढी खोली धरा आणि मागं काढायला जागा.

जागा किती आहे तुमच्याकडं?


सोप्यातली_सायकल · १३ मे, दुपारी १.५२

कंपाउंडच्या आत बाजूला बावीस बाय दहाची पट्टी आहे. सध्या तिथं तुटकी बाकडी आणि गणपतीचा जुना पाट.


तिसरं_गेट (टिळकवाडी) · १३ मे, संध्याकाळी ६.३०

बावीस फुटांत सहा स्टँड आरामात. बारा सायकली. उरलेल्या तीन कुठं तरी टेकतील, तीन रोजच्या रोज गैरहजरही असतात.

खरं मापाआधी एक गोष्ट बघा. पोरं आत्ता सायकली कुठं लावतात? मी सांगतो, दारासमोर, पायरीला लागून. का? कारण खिडकीतनं दिसते आणि उतरलं की दोन पावलांत आत. तुमची पट्टी पायरीपासून किती लांब, खिडकीतनं दिसते का?

मी पंधरा वर्षं सायकलनं कामाला जातोय. एका कचेरीत (नाव राहू दे) सायकलींसाठी छान शेड बांधलेली. पत्रे, दिवा, सगळं. खरं ती इमारतीच्या मागं, जनरेटरच्या पलीकडं. वर्षभरात तिथं मोडक्या खुर्च्या आणि जुन्या फायली भरल्या, आणि सगळ्या सायकली पुढच्या रेलिंगला. मग साहेबांनी रेलिंगवर पाटी लावली, येथे सायकल लावू नये. मी अजून तिथंच लावतो.

जागा कमी म्हणून सायकली मागं ढकलतात, ह्याचंही नवल वाटतं. एका मोटारीच्या जागेत आठ-दहा सायकली मावतात. मोटार मात्र दारात.


बिल्ला_नंबर_४२ (वडगाव) · १३ मे, रात्री ८.५०

मी निवृत्त शिक्षक. नऊ सायकली पडल्याचं वाचलं आणि पूर्वीच्या थेटरांतले सायकल स्टँड आठवले. दारात एक मामा बसलेला असे. पत्र्याचे नंबर घातलेले बिल्ले, एक हँडलला, एक तुमच्या हातात. सायकली तो अशा रचायचा की एकीचं हँडल दुसरीच्या सीटखाली. शंभर सायकली एवढ्याशा अंगणात. सिनेमा सुटला की मधली काढायची म्हणजे कसब. मामा एका हातानं दहा सायकली अख्ख्या ओळीनिशी कलत्या धरायचा आणि दुसऱ्या हातानं तुमची सरकन ओढून काढायचा. माझा बिल्ला एकदा हरवला, तर शो संपून गर्दी जाईपर्यंत बसवून ठेवलं आणि शेवटी उरलेली सायकल माझी असं ठरवलं. ती खरंच माझी निघाली.

सांगायचं काय, दाटीवाटीनं लावायला माणूस लागतो. माणूस ठेवायचा नसेल तर अंतर ठेवावंच लागतं.

आणखी एक. कर्नाटकात २००६-०७ पासून सरकारी आणि अनुदानित शाळांत आठवीच्या पोरांना सायकली मिळू लागल्या. आमच्या शाळेतही आल्या. त्या दिवशी मैदानात उभ्या केल्या, फोटो झाले, दुसऱ्या दिवसापासून प्रश्न सुरू. ऐंशी सायकली चिंचेखाली. सावली होती म्हणून तिथं. वरून चिंचा आणि कावळे, खाली मुळं, स्टँड टेकतच नसे. दुपारच्या सुट्टीत एक पडली की तास बुडाला समजा, सगळा वर्ग धावत बाहेर. शेवटी मी सुतळीनं दोन झाडांमध्ये दोर बांधला आणि पोरांना सायकली दोन्ही बाजूंनी टेकवायला शिकवल्या. फिटरसाहेब म्हणतात तीच कल्पना, पाइपाऐवजी दोर. दोर सैल पडे, एवढंच.


वखारवाली (निपाणी) · १४ मे, सकाळी ११.१०

बाहेरचं झालं, आता घरचं बोलू या. ताई, तुमच्या तुळईला झोपाळ्याची कडी आहे काय?


सोप्यातली_सायकल · १४ मे, सकाळी ११.२५

आहे की! दोन आहेत. झोपाळा सासूबाई गेल्यानंतर काढून माळ्यावर ठेवला, कड्या तशाच आहेत. मी त्यांना गौरीच्या वेळी तोरण बांधते.


वखारवाली · १४ मे, सकाळी ११.४०

मग अर्धं काम झालं. आमचं घर तंबाखूच्या जुन्या वखारीत, छत उंच. माझ्या मिस्टरांनी झोपाळ्याच्या कडीला कप्पी लावून मुलाची सायकल वर ओढायची सोय केलीय. दोन हुक, एक हँडलखाली, एक सीटखाली. दोर ओढला की सायकल आडवीच वर जाते, भिंतीवरच्या खुंटीला दोर आठ आकड्यात गुंडाळायचा. विहिरीवर पाणी ओढलेल्या बाईला हे शिकवावं लागत नाही.

धाकट्याची वीस इंची दहा-अकरा किलोची असेल. ती वर. पाहुणे आले की सोपा मोकळा.


पंक्चरवाला · १४ मे, दुपारी १२.३०

वहिनी, कल्पना झकास, खरं रोज शाळेला जायचं पोर दोरानं सायकल खाली घेईल काय? पाच दिवस घेईल. सहाव्या दिवशी "आई, काढून दे".

वर टांगायची ती वस्तू म्हणजे महिन्यातनं एकदा लागणारी. रोजची सायकल जमिनीवर, दाराच्या जवळ, आणि एका हातानं निघाली पाहिजे. माझ्याकडं दुरुस्तीला येणाऱ्या निम्म्या सायकली बिघडलेल्या नसतात. नुसत्या उभ्या राहिलेल्या असतात. ट्यूब बसलेली, चेन आखडलेली, कारण ती काढायलाच कुणाला जमत नाही. घरात अडचणीत ठेवलेली सायकल म्हणजे विकायला काढलेली सायकल.


वखारवाली · १४ मे, दुपारी १२.४८

आमचा मुलगा हुबळीला हॉस्टेलवर असतो, त्यामुळं वर टांगलीय ती महिन्यातनं एकदाच उतरते. हे लिहायचं राहिलं 🙏


उद्यमबागचा_फिटर · १४ मे, दुपारी २.००

कडीबद्दल सावध. झोपाळ्याची कडी माणसाला पेलते म्हणजे सायकलला पेलणारच, खरं आधी तुळई बघा. कडीभोवती लाकडात वाळवीचा भुसा पडतोय काय, कडी हातानं हलते काय. आणि बावीस इंची काळी वर नेऊ नका. कॅरियर, चेनकव्हर, डबल स्टँड धरून ती वीस किलोच्या आसपास भरते. खाली आली तर फरशीसकट पोराचं डोकं फुटेल.

भिंतीवर हुक मारायचा तर फक्त विटांच्या भिंतीवर, आणि तोही विटेच्या पोटात. दोन विटांमधल्या सांध्यात नको. दहा एमएमचा अँकर बोल्ट घ्या. प्लॅस्टिकचा प्लग आणि लाकडी स्क्रू कॅलेंडरला ठीक. बोळाकडची दगड-मातीची भिंत ड्रिलला हात लावू नका. आत माती असते, बोल्ट फुलतो तो मातीत, आणि महिन्याभरात गिलाव्याची खपली घेऊन बाहेर येतो. माझ्या स्वतःच्या घरी झालंय, वर टीव्ही होता.


सोप्यातली_सायकल · १४ मे, दुपारी २.१५

टीव्हीचं काय झालं?


उद्यमबागचा_फिटर · १४ मे, दुपारी २.१६

विचारू नका.


तिसरं_गेट · १४ मे, संध्याकाळी ७.०५

अक्का, हुक-बिक काही न मारता आज रात्री एक करून बघा. पैसा लागत नाही.

तिन्ही सायकली एकाच दिशेला तोंड करून लावता, बरोबर? हँडल दोन फूट रुंद. तीन हँडल म्हणजे सहा फूट, आणि तुमचा सोपा सात फूट. म्हणून गळ्यात गळे. आता मधली उलटी लावा, तिचं तोंड आत, बाकी दोघींचं दाराकडं. हँडलाशेजारी शेजारचीचं मागचं चाक येतं, ते बारीक. तिन्ही मिळून चार फुटांत बसतात.

पेडल अडकायचा इलाज म्हणजे लावताना भिंतीकडचं पेडल वर आणि मोकळ्या बाजूचं खाली. दोन दिवस पोरांना ओरडावं लागेल.

आणि क्रम. सकाळी पहिली निघणारी सर्वांत मोकळ्या बाजूला. तुमच्याकडं मुलगी. ह्यांची बावीस इंची भिंतीला लागून, डबल स्टँडवर. ती स्वतःच्या पायावर उभी राहते, तिला कुणाचा आधार नको.


चौथा_मजला (हिंदवाडी) · १४ मे, रात्री ९.३०

आमच्यासारख्या अपार्टमेंटवाल्यांचंही कुणी सांगा. सोसायटीत सायकलला जागाच नाही. मोटारींना पांढऱ्या रेघा, दुचाक्यांना पिवळ्या, सायकली जिन्याखाली मीटरपाशी. मी ई-सायकल घेतलीय, ती रात्री तिथंच चार्जिंगला लावतो. सेक्रेटरी ओरडतात. त्यांचं बरोबर की माझं?


उद्यमबागचा_फिटर · १४ मे, रात्री ९.५५

त्यांचं.

जिना म्हणजे आग लागली तर पळायची एकमेव वाट. तिथं सायकल नको, मीटरपाशी तर नकोच, आणि लिथियम बॅटरी रात्रभर चार्जिंगला तर मुळीच नको. बॅटरी निघत असेल तर काढून घरात, जागेपणी, सायकलबरोबर आलेल्याच चार्जरनं चार्ज करा. गादीवर, सोफ्यावर ठेवून नको. आणि ई-सायकल भिंतीला टांगू नका, वीस-पंचवीस किलोचं प्रकरण आहे.

सोसायटीच्या मीटिंगमध्ये एका मोटारीची, पाहुण्यांसाठी ठेवलेली जागा मागा. तिथं चार यू स्टँड, आठ सायकली. मोटारवाले विरोध करतील, पण त्यांचीही पोरं सायकलच चालवतात.


कॉलेज_कट्टा · १४ मे, रात्री १०.२०

हॉलंडमध्ये उट्रेख्त स्टेशनखाली १२,५०० सायकलींचं पार्किंग आहे, २०१९ मध्ये पूर्ण झालं. तीन मजली, आतूनच सायकल चालवत जायचं, पहिले २४ तास फुकट. आणि आपण पंधरा सायकलींसाठी तीन दिवस भांडतोय.


बिल्ला_नंबर_४२ · १५ मे, सकाळी ६.४०

बाळा, भांडत नाही, मापं घेतोय. त्या साडेबारा हजारांचीही मापं कुणीतरी घेतलीच असतील.


जांबोटी_मार्गे (खानापूर) · १५ मे, सकाळी ८.३०

तुम्ही बेळगाववाले पावसाबद्दल काहीच बोलेना झालाय, म्हणून लिहितो. आमच्याकडं कणकुंबीच्या बाजूला पाऊस म्हणजे चार महिने वाळणं हा शब्दच नाही. कपडे चुलीवर धरतात.

ताडपत्री घालू नका. म्हणजे घाला, खरं गुंडाळू नका. ओली सायकल ताडपत्रीत खालपर्यंत बांधली की आत वाफ कोंडते आणि उघड्यावरच्यापेक्षा लवकर गंजते. मी एक सायकल अशी घालवली. सप्टेंबरला ताडपत्री सोडली तर चेन एकाच तुकड्यात, काठीसारखी ताठ. ताडपत्री वरून छपरासारखी, बाजू मोकळ्या.

पडवीत ठेवत असाल तर पागोळ्यांच्या रेषेपासून दोन फूट आत. पागोळीचं पाणी अंगणात आपटून उडतं, ते चेनवर आणि खालच्या बेअरिंगवर चिखलासकट बसतं. वरून कोरडी दिसते, खालून रोज अंघोळ. आम्ही जांभ्याचे दोन चिरे टाकून त्यावर चाकं ठेवतो. जांभा पाणी पितो, खाली डबकं साठत नाही.

पावसातनं आली की कोरड्या फडक्यानं आधी चेन पुसायची, मग रिम. तेल नंतर. ओल्यावर तेल म्हणजे पाणी आत कोंडणं. आणि सीट! सीटवर पिशवी घालता तशी सीटखालच्या दांड्याच्या तोंडाशीही जुन्या ट्यूबचा तुकडा चढवा. तिथनं पाणी सांगाड्यात उतरतं आणि थेट पेडलच्या बेअरिंगवर साठतं.


पंक्चरवाला · १५ मे, सकाळी ९.००

ट्यूबचा तुकडा हा लाखाचा सल्ला. माझ्याकडं या, फुकट देतो, ढीग पडलाय.

तेलाचं एक. खोबरेल घालू नका. घरात असतं म्हणून सगळे घालतात. डिसेंबरात आपल्याकडं बाटलीत गोठतं, तेच चेनमध्ये गोठतं. चिकट होतं आणि धूळ धरतं. गाडीचं जळकं काळं तेल त्याहून वाईट. आणि शहापूर-वडगाव-खासबागच्या मागवाल्यांना खास सूचना, तेल घातलं की दहा मिनिटांनी वरवरचं पुसून टाका. तेल कड्यांच्या आत पाहिजे, बाहेर असलं की तूस बसणारच.


कॉलेज_कट्टा · १५ मे, दुपारी ४.४५

एक विचारू का? ती वाचनालयाची पट्टी म्हणजे गणपतीत मंडप घालतात तीच ना? काँक्रीटमध्ये सहा पाइप गाडले तर मंडप कुठं? आणि शिवजयंतीचा चित्ररथ कंपाउंडमध्येच सजवतात.


सोप्यातली_सायकल · १५ मे, संध्याकाळी ५.१०

अरे देवा. होय, तीच.


उद्यमबागचा_फिटर · १५ मे, संध्याकाळी ६.००

मग गाडू नका. जमिनीत मोठ्या मापाची नळी पुरायची, जमिनीच्या बरोबरीनं, आणि स्टँडचे पाय त्यात उतरवायचे, खाली आडवा बोल्ट आणि कुलूप. मंडपाच्या दिवसांत उपसून ठेवायचे, नळीला टोपण. टोपण विसरू नका, पायाचं बोट अडकतं आणि पावसाचं पाणी भरतं. नळीच्या बुडाशी खडी टाका, पाणी झिरपायला.


तिसरं_गेट · १५ मे, संध्याकाळी ६.४०

ह्याला माझा कडक विरोध. उपसलेली वस्तू आपल्याकडं परत बसत नाही. दहा दिवसांसाठी काढतील, मग दसऱ्यापर्यंत राहू दे, मग दिवाळी झाली की बघू. पाइप कुणाच्या तरी गच्चीवर कपडे वाळवायला लागतील.

स्टँड पट्टीत नकोच. पायरीच्या डाव्या-उजव्या बाजूला, भिंतीला समांतर, तीन-तीन. मंडपाच्या जागेबाहेर आणि दारासमोर. भिंतीपासून दोन फूट सोडून. समांतर लावले की सायकली रस्त्यात येत नाहीत.


उद्यमबागचा_फिटर · १५ मे, संध्याकाळी ७.०२

एकामागं एक लावायचे तर दोन स्टँडच्या मध्यांत सात फूट तरी लागेल, नाहीतर चाकाला चाक लागतं. भिंत किती लांब आहे?


सोप्यातली_सायकल · १५ मे, रात्री ८.१५

आत्ताच टेप लावून आले. पायरीच्या डावीकडं एकोणीस फूट, उजवीकडं चौदा. उजवीकडं शेवटी नळकोंडाळं आहे.


उद्यमबागचा_फिटर · १५ मे, रात्री ८.२०

मग डावीकडं दोन, फार तर तीन. उजवीकडं दोन. पाच झाले, दहा सायकली. हे काँक्रीटमध्ये पक्के. सहावा पट्टीच्या टोकाला नळीत बसवा, तो उपसला गेला तरी मंडळ बुडत नाही.


तिसरं_गेट · १५ मे, रात्री ८.२६

चालेल.


बिल्ला_नंबर_४२ · १५ मे, रात्री ९.००

पाटी लावणार असाल तर नुसतं सायकलचं चित्र काढा. एकही अक्षर नको. मराठी लिहिलं तर एक येणार, पाटीवर कन्नड किती टक्के आहे हे मोजायला दुसरा टेप घेऊन येणार, आणि सायकली राहतील रस्त्यावर.


चौथा_मजला · १५ मे, रात्री ९.१२

सर 🙏🙏


पंक्चरवाला · १६ मे, सकाळी ८.१०

स्टँड झाला म्हणून कुलपाचं विसरू नका. मागच्या चाकाचं गोल लॉक एवढ्यावर पोरं निर्धास्त असतात. ते चाक फिरू देत नाही, सायकल उचलू देते. एक साखळी किंवा यू-लॉक, सांगाडा आणि पाइप दोन्हींतनं. आणि सायकल उलटी करून पेडलच्या खाली सांगाड्यावर ठोकलेला नंबर असतो, त्याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. चोरीची तक्रार द्यायला गेलात की "काळी, हर्क्युलिस" एवढ्यावर कुणी शोधत नाही.


सोप्यातली_सायकल · २१ जुलै, रात्री ९.३०

दोन महिन्यांनी लिहितेय, माफ करा. मागाची ऑर्डर होती.

घरचं आधी. तिसरं_गेट यांचं उलटसुलट लावणं त्याच रात्री केलं. चार फूट तीन इंचांत बसल्या. ह्यांना पटेना, म्हणाले फोटो काढून ठेव, उद्या पुन्हा गोंधळ होणार. झाला नाही. मुलगी मोकळ्या बाजूनं निघते, आठ दिवसांनी रिक्षाचा विषय बंद. विटांच्या भिंतीवर धाकट्याच्या सायकलीसाठी एक हुक मारून बघितला, उभी टांगायची म्हणून. फिटर अण्णांनी सांगितलेलाच बोल्ट, घट्ट आहे. चूक माझी झाली. उंची मी माझ्या हातानं मोजली, पोराच्या नाही. त्याला चाक तिथवर उचलता येत नाही. आता त्या हुकाला रेनकोट असतात. सायकल खालीच, तिघींत. झोपाळ्याच्या कड्यांना तोरणच राहिलं.

वाचनालयाचे पाच स्टँड जूनच्या पहिल्या आठवड्यात बसले. मंडळात एकच वाद झाला, रंग भगवा की पिवळा. जीआयला रंगच लागत नाही असं मी सांगितलं, कुणी ऐकलं नाही. पहिले दोन दिवस पोरं पुढचं चाक पाइपाच्या आत घालून उभी करत होती. मी एक सायकल बाजूनं टेकवून दाखवली, मग एकमेकांचं बघून शिकली. संध्याकाळी नऊ-दहा असतात. नळकोंडाळ्याच्या बाजूच्या स्टँडला सकाळी कुणीतरी शेळी बांधतं, ती साडेआठला नेतात, अभ्यासिका चारला उघडते, म्हणून मी काही बोलले नाही.

सहावा अजून वेल्डरकडंच आहे. आणि उजवीकडं पन्हाळीचं पाणी नेमकं दुसऱ्या स्टँडवर पडतंय, हे मे महिन्यात कुणाच्याच ध्यानात आलं नव्हतं. फिटर अण्णा, पन्हाळ वळवायची की वर पत्रा घालायचा?


उद्यमबागचा_फिटर · २१ जुलै, रात्री ९.५०

पन्हाळ वळवा, पत्रा नको. पाइप चार इंची आहे की तीन? फोटो टाका. रविवारी सकाळी सहावा घेऊन येतोच आहे, तेव्हा एल्बो पण आणतो.


पंक्चरवाला · २१ जुलै, रात्री ९.५८

येताना माझ्या दुकानावरनं या. ट्यूबचे तुकडे कापून ठेवलेत, पंधरा सायकलींचे.